पेट्रोल कुठे भरलंस?

आमच्या घरी एक पद्मिनी आहे. म्हणजे गाडी. (हा खुलासा दर वेळी करावा लागतो.) प्रीमियर पद्मिनी, १९८६ चं मॉडेल, बाबांची. मी पुण्यात कोड पाडतो आणि ती नाशिकला गंगापूर रोडवरच्या घरी कव्हर पांघरून बसते. मी घरी गेलो की एक चक्कर मारून आणायची, एवढंच काय ते तिचं आयुष्य उरलंय.

मागच्या दिवाळीत बाबांना हुक्की आली, घाटात जाऊन चहा पिऊ म्हणाले. कसारा घाट उतरलो मजेत. परत चढताना मात्र बाईसाहेबांनी मान टाकली. थर्डला ओढेना, सेकंडला टाकली तर रडत रडत चालली. टेम्परेचरचा काटा वर वर सरकतोय, मागून ट्रकवाले हॉर्न मारतायत. बाबा शांतपणे म्हणाले, "पूर्वी थर्डला चढायची रे ही."

मग मी काय केलं? इंजिनिअर जे करतो तेच. पुढच्या वीकेंडला प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, कार्बोरेटर खोलून साफ केला, सगळं एकाच दमात. गाडी होती तिथेच. 'एका वेळी एकच गोष्ट बदला' असं मी ऑफिसात ज्युनिअर पोरांना रोज ऐकवतो. असो.

शेवटी सातपूरच्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. बाबांची गाडी पहिल्यापासून त्यांच्याच हाताखालची. त्यांनी बॉनेट उघडायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "पेट्रोल कुठे भरलंस?"

मला वाटलं गप्पा मारतायत. तसं नव्हतं. त्या प्रश्नामागे बराच इतिहास आहे, आणि आजची पोस्ट त्याच्यावरच आहे.

आधी काकांची पद्धत सांगतो. गाडी 'पिकअप घेत नाही' म्हणजे दर वेळी इंजिनचाच दोष असतो असं नाही. म्हणून त्यांनी आधी जॅक लावून एकेक चाक हाताने फिरवलं, ब्रेक चिकटलाय का ते पाहायला. नव्हता. मग प्लग काढून त्यांचा रंग पाहिला. टोक तपकिरी असलं तर ठीक. काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरंफटक असेल तर कमी जातंय किंवा इंजिन तापतंय. आमचे तपकिरी होते. मग कॉम्प्रेशन. चारही सिलिंडरचे आकडे जवळजवळ सारखे आले. एखादा कमी आला असता तर त्यात चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजतात. आकडा वाढला तर रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. हवा, पेट्रोल, दाब सगळं ठीक. उरली ठिणगी, आणि ठिणगीची वेळ.

काकांनी डेल्कोचं झाकण काढलं. डेल्को म्हणजे डिस्ट्रिब्युटर, आपल्याकडे गॅरेजात त्याला कोणीही डिस्ट्रिब्युटर म्हणत नाही. पॉइंटमधली फट साधारण ०.४ मि.मी. हवी, ती बरीच कमी झाली होती. फट कमी झाली की पॉइंट उशिरा उघडतो, म्हणजे ठिणगीही उशिरा पडते. फट नीट करून टायमिंग लाइट लावला, तरी टायमिंग मागेच. तेव्हा काकांनी डेल्कोच्या बुडाशी बोट ठेवलं. तिथे छिन्नीने मारलेली एक खूण होती.

"हा घाव माझाच. २००७ साली मीच टायमिंग मागे घेतलं होतं. तुझ्या बाबांची गाडी तेव्हा फार ठोकायची."

म्हणजे अठरा वर्षं दर सर्व्हिसिंगला गाडी त्या खुणेवरच लावली जात होती. आपल्या भाषेत सांगायचं तर कोणीतरी वर्कअराउंड टाकला, कॉमेंट लिहिली नाही, आणि मूळ बग कधी गेला ते कोणाला कळलंच नाही.

ठोकणं, म्हणजे नॉकिंग, म्हणजे काय? ठिणगीपासून निघालेली ज्योत सिलिंडरभर पसरायच्या आत उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने आपोआप भडकतं आणि खण् खण् आवाज येतो. फार दिवस चाललं तर पिस्टनचा निकाल लागतो. ठिणगी थोडी उशिरा पाडली की ठोकणं थांबतं, पण जोरही जातो, आणि वाया गेलेली उष्णता पाण्यात आणि एक्झॉस्टमध्ये जाते. घाटात आमचा काटा वर का चालला होता, ते आता कळलं.

आता डेल्को हा शब्द बघा. १९०९ साली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने डेटन इंजिनिअरिंग लॅबोरेटरीज कंपनी काढली, तिच्या अद्याक्षरांवरून डेल्को. पॉइंट, कॉइल आणि बॅटरीवर चालणारी ठिणगी ही त्याचीच. कॅडिलॅक गाड्यांमध्ये ती आली तेव्हा गाड्या ठोकू लागल्या आणि लोकांनी खापर त्याच्या इग्निशनवर फोडलं. केटरिंग म्हणाला, इग्निशन नाही, इंधन तपासू. १९१६ मध्ये त्याने हे काम थॉमस मिजली या तरुण इंजिनिअरला दिलं. त्यांच्याच कंपनीचे शेतावर वीज करणारे छोटे जनरेटर रॉकेलवर चालायचे आणि भयानक ठोकायचे.

मिजलीला वाटलं, रॉकेलला लाल रंग दिला तर ते उष्णता जास्त शोषेल आणि आधीच वाफ होऊन नीट जळेल. हाताशी लाल रंग नव्हता, म्हणून त्याने आयोडीन टाकलं. ठोकणं थांबलं! पण गडी हुशार. त्याने मग दुसरे लाल रंग टाकून पाहिले, तर काही फरक नाही. म्हणजे गुण रंगाचा नव्हता, आयोडीनचा होता. थिअरी चुकीची, प्रयोग बरोबर. तिथून शोधत शोधत डिसेंबर १९२१ मध्ये तो टेट्राइथाइल लेडपाशी पोचला. पेट्रोलमध्ये शिसं आलं, इंजिनं शांत झाली आणि ते शिसं जगभरातल्या पोरांच्या रक्तात गेलं. भारतात शिशाचं पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, आणि जगातला शेवटचा देश, अल्जेरिया, २०२१ मध्ये थांबला.

आमच्या पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिनही याच काळातलं. मूळ फियाटचं, १९३७ सालचं. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर कंपनीच्या कुर्ल्याच्या कारखान्यात त्याचे वारस २००० च्या आसपासपर्यंत निघत होते. मुंबईत २००३ साली पासिंग झालेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ ला रस्त्यावरून गेली. साठ वर्षांहून जास्त चाललेला लेगसी कोड, बोला!

पण २००७ मध्ये ती का ठोकत होती? काकांचं निदान तेव्हा एका शब्दाचं होतं. भेसळ. रेशनच्या रॉकेलवर सरकारचं मोठं अनुदान होतं. नंतर २०११ च्या सुरुवातीला पेट्रोल लिटरला साठ रुपयांच्या आसपास होतं आणि रेशनचं रॉकेल बारा-तेरा. इतका फरक असल्यावर काय होणार? रॉकेल जास्त करून डिझेलमध्ये जायचं, पेट्रोलमध्ये नाफ्था आणि सॉल्व्हंटही मिसळायचे. या मालाचा ऑक्टेन कमी, म्हणून इंजिन ठोकायचं.

हे धंदे पकडणाऱ्यांचं काय व्हायचं? इंडियन ऑइलचा तरुण अधिकारी मंजुनाथ षण्मुगम, आयआयएम लखनौचा पदवीधर, याने उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खेरीत भेसळीवरून पंपावर कारवाई केली. नोव्हेंबर २००५ मध्ये त्याला गोळ्या घातल्या.

आणि आमच्याच नाशिक जिल्ह्यात, मनमाडजवळ पानेवाडीला तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, मुंबईहून पाइपलाइनने इंधन येतं आणि टँकर भरून बाहेर पडतात. २५ जानेवारी २०११ ला मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे त्या भागातून जात होते. एका ठिकाणी टँकरमधून भेसळ चालल्याचा संशय आला, म्हणून ते थांबले आणि तपासायला गेले. त्यांना तिथेच, भर दिवसा, जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. २७ तारखेला राज्यभरातल्या सरकारी कर्मचाऱ्यांनी काम बंद ठेवलं. बाबा तेव्हा नोकरीत होते, तेही त्यात होते.

हे सगळं गॅरेजच्या बाकड्यावर बसून बोलत होतो. मी बाबांना विचारलं, "२००७ मध्ये तुम्ही पंपावर तक्रार का नाही केली? फिल्टर पेपर मागायचा हक्क तर होता." (अजूनही आहे. कागदावर पेट्रोलचा थेंब टाकायचा, दोनेक मिनिटांत डाग न राहता उडाला पाहिजे. घनताही मोजून मागता येते.) बाबा जरा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "गाडी ठोकायची थांबली ना, मग विसरलो. सगळेच विसरायचे. तो माणूस मात्र थांबला."

यावर मी काय बोलणार? आम्ही टायमिंग मागे घेतलं, ते गाडीतून उतरले.

आता काळ बदललाय. रॉकेलवरचं अनुदान २०२० पर्यंत संपलं. इथेनॉल ५ टक्क्यांपासून २००३ मध्ये सुरू झालं, २०२२ मध्ये १० वर आणि २०२५ मध्ये २० वर पोचलं. इथेनॉलमुळे ऑक्टेन वाढतो, म्हणून टायमिंग मागे ठेवायचं कारण उरलं नाही. पण लिटरमागे ऊर्जा पेट्रोलच्या साधारण दोन-तृतीयांश, जुन्या कार्बोरेटरला मिश्रण पातळ पडतं, आणि जुने रबरी पाइप व डायफ्रॅम त्यात टिकत नाहीत. जुनी गाडी असेल तर पाइप आधी बदलून घ्या, आणि टाकीत महिनोन् महिने पेट्रोल ठेवू नका.

काकांनी डेल्को फिरवून कंपनीच्या खुणेवर आणला, नवे पाइप घातले. त्या रविवारी आम्ही पुन्हा घाटात गेलो. येताना पद्मिनी थर्डला चढली, काटा मध्यावर. ठोकलं नाही एकदाही.

छिन्नीची खूण मात्र काकांना घासू दिली नाही. बाबाच म्हणाले, राहू दे.