नगरचा वारा आणि घरचं बिल

पुण्याहून नगरकडे जाताना शिरूर मागे पडलं आणि सुपं जवळ आलं, की डोंगरावरच्या पवनचक्क्या दिसायला लागतात. मग गाडीतलं कोणीतरी हमखास विचारतं, "एवढा वारा आहे इथे, तर घरोघरी एकेक छोटी पवनचक्की का नाही लावत?" प्रश्न भाबडा वाटतो, पण तो तसा नाही. गेले दोन वीकेंड मी त्याच्याच मागे होतो. उत्तर अर्धं भौतिकशास्त्रात सापडलं आणि अर्धं इतिहासात. आणि त्या इतिहासाचं एक टोक चक्क आपल्या श्रीरामपुरात निघालं!

हा माझ्यासाठी नुसता बौद्धिक खेळ नव्हता. बाबा निवृत्त झालेत, घर नगरला सावेडीत. त्यांच्या हातात कुठून तरी एक पत्रक पडलं: गच्चीवर पवनचक्की बसवा, वीजबिल विसरा. खर्च साधारण दीड लाख, म्हणजे फंडातल्या पैशांचा एक बऱ्यापैकी तुकडा. "तू इंजिनिअर ना, मग सांग, घ्यायची की नाही?" एवढंच ते म्हणाले. आता मी सॉफ्टवेअरवाला, पवनचक्कीशी संबंध डेस्कटॉपच्या वॉलपेपरपुरता. पण बाबांना असं सांगता येत नाही. :) म्हणून हा लेख.

सुरुवात मुळात घरापासूनच झाली

आपल्याला वाटतं, की आधी मोठ्या पवनचक्क्या आल्या आणि मग कोणाला तरी घरगुती मॉडेल सुचलं. झालं नेमकं उलटं. १८८७ साली स्कॉटलंडमध्ये जेम्स ब्लाइथ नावाच्या प्राध्यापकाने मेरीकर्क गावातल्या आपल्या सुट्टीच्या घरी कापडी शिडांची एक पवनचक्की उभी केली, तिची वीज बॅटऱ्यांमध्ये साठवली आणि घरात दिवे लावले. वाऱ्याच्या विजेवर उजळलेलं जगातलं पहिलं घर ते हेच. उरलेली वीज त्याने गावाला रस्त्यावरच्या दिव्यांसाठी देऊ केली, तर गावकऱ्यांनी हे सैतानाचं काम म्हणून नाकारली! सरप्लस वीज घ्यायला कोणी तयार नाही, ही तक्रार इतकी जुनी आहे.

त्याच हिवाळ्यात अमेरिकेत क्लीव्हलँडला चार्ल्स ब्रश या उद्योजकाने बंगल्यामागे १७ मीटर व्यासाचं, १४४ पात्यांचं धूड उभारलं. एवढ्या अवाढव्य यंत्राची क्षमता किती, तर १२ किलोवॉट. पण तळघरातल्या बॅटऱ्यांच्या साथीने ते सुमारे वीस वर्षं चाललं.

खरा सुवर्णकाळ आला तो १९२० आणि ३०च्या दशकांत, अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात. १९३५च्या आसपास तिथल्या दहातल्या नऊ शेतघरांत वीज नव्हती. (आपल्याला अमेरिका म्हणजे कायमची झगमगती वाटते, पण तसं नव्हतं.) मोंटानातल्या जेकब्स बंधूंनी तीन पात्यांचं, विमानाच्या पंख्यासारखं यंत्र बनवलं. ते इतकं दणकट होतं, की १९३३मध्ये अंटार्क्टिकावर बसवलेलं एक यंत्र १९५५मध्येही फिरत होतं. गरिबांसाठी 'विनचार्जर' होता, झेनिथचा रेडिओ घेतला तर दहा डॉलरमध्ये मिळणारा. घरगुती पवनऊर्जा हा तेव्हा हौशी प्रयोग नव्हता, चांगला चालणारा धंदा होता.

मग तार आली

१९३५मध्ये रूझवेल्ट सरकारने ग्रामीण विद्युतीकरणासाठी वेगळं प्रशासन स्थापन केलं आणि पुढच्या वर्षी त्याचा कायदा झाला. पद्धत सोपी होती. शेतकऱ्यांनी सहकारी संस्था काढायची, सरकारने स्वस्त कर्ज द्यायचं आणि संस्थेने तारा ओढायच्या. तार दारात आली, की शेतकऱ्यासमोर हिशेब स्पष्ट असायचा. पवनचक्कीवर दिवे आणि रेडिओ चालत. तारेवर फ्रीज, मोटर, इस्त्री सगळंच चालतं, आणि वारा पडला तरी चालतं. १९५०च्या दशकात जेकब्सचा कारखाना बंद पडला.

आमच्या भाषेत सांगायचं तर हे घरातला सर्व्हर विरुद्ध क्लाउड असं भांडण होतं. घरचा सर्व्हर बिघडला म्हणून कोणी सोडत नाही. त्याची देखभाल स्वतः करण्यापेक्षा महिन्याचं भाडं भरणं सोपं पडतं, म्हणून सोडतात.

तीच कल्पना नगर जिल्ह्यात

इथे गोष्ट आपल्याकडे वळते. भारतात १९६९ साली ग्रामीण विद्युतीकरण महामंडळ स्थापन झालं. त्यामागे अमेरिकन मदतीचा पैसा होता आणि तिथल्या ग्रामीण वीज सहकारी संस्थांच्या महासंघाचे सल्लागारही होते. अमेरिकेत चाललेलं मॉडेल इथे चालतं का, हे पाहण्यासाठी देशात पाच जागा निवडल्या गेल्या: आंध्रात सिरसिल्ला, कर्नाटकात हुक्केरी, गुजरातेत कोडीनार, उत्तर प्रदेशात लखनौजवळचा एक भाग, आणि महाराष्ट्रात आपली मुळा-प्रवरा!

नगर जिल्हाच का, याचं उत्तर नगरकराला सांगायला नको. १९५०मध्ये विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखाना सुरू झाला होता. शेअर, सभासद, संचालक मंडळ, वार्षिक सभा हे शब्द इथल्या शेतकऱ्याच्या तोंडी आधीच रुळलेले होते. साखर सहकारात, दूध सहकारात, तर वीज का नको?

श्रीरामपूरची मुळा-प्रवरा वीज सहकारी संस्था वीज तयार करत नव्हती. ती वीज मंडळाकडून घाऊक घ्यायची आणि सभासदांना किरकोळ विकायची. चार दशकं तिने उत्तर नगरच्या मोठ्या भागात विहिरीवरच्या मोटारी आणि घरातले दिवे चालवले. मग विजेची खरेदी आणि बिलांची वसुली यांचा मेळ बसेनासा झाला, महावितरणची थकबाकी डोंगराएवढी झाली, आणि २०११च्या जानेवारीअखेर परवाना संपल्यावर तो भाग महावितरणकडे गेला.

मला यात एक विलक्षण योगायोग दिसतो. ज्या कल्पनेने अमेरिकेतल्या घरगुती पवनचक्क्या संपवल्या, तीच कल्पना नगरला आली ती इथे घरगुती पवनचक्की रुजायच्या आधीच. म्हणजे आपल्याकडे 'जेकब्सचा जमाना' आलाच नाही. नाही म्हणायला १९६०च्या दशकात बंगळूरच्या नॅशनल एरोनॉटिकल लॅबोरेटरीने पाणी उपसणारी एक पवनचक्की तयार केली होती. पण विजेची मोटर आली आणि तीही मागे पडली.

डोंगरावर मेगावॉट, खाली लोडशेडिंग

वीज तयार करणारा वारा आपल्याकडे आला तो थेट मोठ्या आकारात. १९८६मध्ये रत्नागिरी, ओखा अशा किनाऱ्यावरच्या ठिकाणी सरकारने ५५ किलोवॉटची डॅनिश यंत्रं प्रात्यक्षिक म्हणून बसवली. पुढे गुजरातेत तुलसी तांती या कापड उद्योजकाने विजेच्या वाढत्या खर्चाला कंटाळून आपल्या गिरणीसाठी दोन पवनचक्क्या घेतल्या. मग त्यांच्या लक्षात आलं, की कापडापेक्षा हाच धंदा बरा! १९९५मध्ये त्यांनी सुझलॉन काढली आणि पुढे तिचं मुख्यालय पुण्यात आलं. 'वीजबिल कमी करायला पवनचक्की' या कल्पनेचं भारतातलं सगळ्यात यशस्वी उदाहरण हेच. फक्त ते घराचं नव्हतं, गिरणीचं होतं.

त्यात १९९०च्या दशकात आयकराची सवलत होती. यंत्राची पूर्ण किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून दाखवता यायची. (ही सवलत नंतर ८० टक्क्यांवर आणि २०१७पासून ४० टक्क्यांवर आली.) साहजिकच वाऱ्याशी काडीचा संबंध नसलेल्यांनीही पवनचक्क्या घेतल्या. साताऱ्याचं पठार भरलं, मग सुपं, मग नगरच्या पूर्वेचे आगडगाव-खांडक्याचे डोंगर. टाटा पॉवरचा सुप्याचा प्रकल्प १७ मेगावॉटचा आहे आणि खांडक्याचा ५०.४ मेगावॉटचा, म्हणजे ८०० किलोवॉटची ६३ यंत्रं.

आणि याच काळात, २००५नंतरची काही वर्षं, खालच्या गावांत रोज कित्येक तास लोडशेडिंग! डोंगरावर पाती फिरताहेत आणि पायथ्याशी कंदील, हे दृश्य आमच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलंय. "आमच्या डोंगरावरची वीज आम्हालाच नाही" हा राग खरा होता. पण ती वीज गावात न जाता ग्रिडमध्ये जाते, आणि ग्रिडमधून कोणाला किती मिळणार हे डोंगराच्या जवळिकीवर ठरत नाही.

छोट्या यंत्रांसाठीही केंद्राची योजना होती, १९९४पासून. वारा आणि सोलर एकत्र असलेल्या हायब्रिड संचांना त्यात अनुदान मिळायचं. महाराष्ट्र यात आघाडीवर होता. महाऊर्जेमार्फत शाळा, आश्रम, फार्महाउस अशा ठिकाणी संच लागले. पण वीसेक वर्षांत साऱ्या देशाची बेरीज किती झाली? तीनेक मेगावॉट. म्हणजे खांडक्याच्या डोंगरावरची फक्त चार यंत्रं!

आता बाबांचा हिशेब

असं का, याचं उत्तर एका सूत्रात आहे. वाऱ्यातली शक्ती वेगाच्या घनावर अवलंबून असते. वेग निम्मा झाला की शक्ती एक अष्टमांश होते. शिवाय त्यातला जास्तीत जास्त ५९.३ टक्के भागच पाती घेऊ शकतात (बेट्झचा नियम), आणि छोटी यंत्रं प्रत्यक्षात २५ टक्क्यांच्या आसपास असतात.

पत्रकावरचं '१ किलोवॉट' हे सेकंदाला ११-१२ मीटर वेगाच्या वाऱ्यासाठी असतं. अशा यंत्राचा व्यास अडीच मीटर धरा. गच्चीवर सरासरी ४ मीटर वारा मिळाला, तर हाती येतात सुमारे ४३ वॉट. महिन्याचे ३१ युनिट. वारा कमीजास्त होत असतो आणि घनामुळे जोराचे झोत जास्त देऊन जातात, म्हणून उदार मनाने ही संख्या दुप्पट करा: ६० युनिट. पण वस्तीतल्या गच्चीवर ३ मीटरच मिळाला, तर दुप्पट करूनही २५. आणि बहुतेक छोटी यंत्रं ३ मीटरच्या खाली हलतच नाहीत.

आपण मधला आकडा घेऊ, ४५ युनिट. ही बचत बिलातल्या सगळ्यात वरच्या स्लॅबमधून होते, हे पवनचक्कीच्या बाजूने मान्य. वहन आकार, वीज शुल्क सगळं धरून युनिटला १५ रुपये धरले, तरी वर्षाला ८,१०० रुपये. दीड लाख वसूल व्हायला साडेअठरा वर्षं! त्यात बेअरिंग, बॅटरी, नट आवळायला वर चढणारा माणूस धरलेला नाही. आणि स्थिर आकार तर भरावाच लागतो, त्यामुळे 'बिल विसरा' हे कुठल्याच हिशेबात बसत नाही.

सुप्याला चालतं मग सावेडीत का नाही? कारण तिथे यंत्र आधीच डोंगरावर आहे, वर त्याला उंच मनोरा आहे. आसपासच्या अडथळ्यांपेक्षा निदान दहा मीटर उंच हवी, असा छोट्या पवनचक्कीसाठीही संकेत आहे. शहरात शेजारची इमारत, पाण्याची टाकी आणि नारळाचं झाड यांच्यामध्ये वारा गोल गोल फिरतो, वाहत नाही. शिवाय आपल्याकडचा जोराचा वारा मुख्यतः जून ते सप्टेंबर. वीज जास्त लागते एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हा आपल्याकडे भरपूर असतं ते ऊन.

त्याच गच्चीवर १ किलोवॉट सोलर दिवसाला साधारण ४ युनिट देतं, महिन्याला १२०. २०२४मध्ये आलेल्या पीएम सूर्यघर योजनेत १ किलोवॉटला ३० हजार आणि ३ किलोवॉटला ७८ हजार रुपये अनुदान आहे. नेट मीटरिंगमुळे बॅटरी लागत नाही. फिरणारा भाग नाही, आवाज नाही.

बाबांना मी हेच सांगितलं: पवनचक्की नको, सोलर घ्या, आणि त्याआधी जुना फ्रीज आणि पंखे बदला. न वापरलेलं युनिट सगळ्यात स्वस्त. ते थोडे हिरमुसले. फिरणाऱ्या पात्यांचं जे आकर्षण असतं, ते काळ्या काचेच्या पत्र्याला नाही, हे खरंय.

पण छोटी पवनचक्की अगदीच टाकाऊ आहे असं समजू नका. पारनेरच्या किंवा अकोल्याच्या एखाद्या उघड्या माळावर, जिथे तार पोचवायलाच लाखो रुपये लागतील, तिथे ती आजही विचार करण्याजोगी आहे. पावसाळ्यात सोलर मंदावतं तेव्हाच वारा जोरात असतो, म्हणून तिथे हायब्रिड संच शहाणपणाचा. ब्लाइथपासून जेकब्सपर्यंत ती जगली तीही अशाच जागी, जिथे तार नव्हती. तेव्हा तुमच्या हातात असं पत्रक आलं, तर विक्रेत्याला किलोवॉट विचारू नका. माझ्या गच्चीवर वर्षभर मोजलेला वारा किती, एवढंच विचारा. उत्तर मिळेपर्यंत पैसे बँकेतच राहू द्या.