मॅलिएबल बीड

मॅलिएबल, म्हणजे न तुटता वाकू शकणारे, बीड बनवण्याच्या दोन भिन्न रीती आहेत. दोन्हींचा आरंभ मात्र पांढऱ्या बिडापासून, म्हणजे ज्यातील कार्बन लोखंडाशी संयोग पावून सिमेंटाइट या कठीण, ठिसूळ संयुगाच्या रूपात राहतो आणि ज्याचा भंग पांढरा दिसतो अशा बिडापासून होतो. ओतीव जाड असल्यास रस सावकाश थिजून ग्रॅफाइटचे पापुद्रे आधीच सुटतात आणि पुढे कितीही तापवले तरी ते मोडत नाहीत. म्हणून नळजोडांसारख्या पातळ वस्तूच या कामी सोयीच्या. रेओम्यूरच्या १७२२ च्या ग्रंथापासून चालत आलेल्या युरोपीय रीतीत ओतिवे लोहखनिजात पुरून कित्येक दिवस तापवीत व त्यांतील बराचसा कार्बन काढून टाकीत. न्यूअर्कच्या सेथ बॉयडनने १८२६ साली साधलेल्या अमेरिकी रीतीत कार्बन आतच राहतो. सुमारे ९०० ते ९५० अंश सेल्सिअसला सिमेंटाइट फुटून ग्रॅफाइटच्या वेड्यावाकड्या गाठी बनतात, आणि पुढे साधारण ७६० ते ६५० अंशांमधली उतरण, तासाला थोडेच अंश अशी, संथ ठेवल्यास गाठींभोवती मऊ फेराइट, म्हणजे जवळजवळ कार्बनरहित लोखंड, उरते. खरी कसोटी या उतरणीचीच. ती घाईने झाली, तर फेराइटऐवजी कठीण पर्लाइट बनून वाकण्याचा गुण घटतो.