पावसाळ्याचं सरपण: कोणतं लाकूड घ्यावं, कोणतं सोडावं

मालाड : मालाड म्हटलं की टॉवर डोळ्यांसमोर येतात. पण पश्चिमेकडच्या मढ, एरंगळ, आक्सा, मार्वे या गावांत काही घरी आंघोळीचं पाणी अजून चुलीवर तापतं. गॅस असला तरी मे महिन्यात लाकूडफाट्याची बेगमी होतेच. त्यासाठी ही माहिती.

कोणतं लाकूड कसं?

सुरू : थोडं ओलसर असलं तरी पेटतं, आच जोरात.

बाभूळ, चिंच, जांभूळ : जड लाकूड, निखारा बराच वेळ टिकतो. चिंच वाळल्यावर कुऱ्हाडीला दाद देत नाही, ओली असतानाच फोडा.

सुबाभूळ : फोडायला सोपं, लवकर वाळतं.

शेवगा, पांगारा, सावर : भुरभुर जळून राख. पेटवणापुरतंच ठेवा. त्यापेक्षा नारळाच्या झावळ्या, करवंट्या बऱ्या.

हे चुलीत नको

बिब्ब्याच्या धुराने अंग सुजतं. कण्हेर विषारी. खाडीकाठच्या गेव्याचा चीक डोळ्यांत गेला तर नजर जाण्याची भीती. रंगवलेल्या फळ्या आणि प्लायवूडही नको.

वाळवायचं कसं?

ओल्या लाकडात निम्म्याच्या आसपास वजन पाण्याचंच असतं. ते आटवण्यात आच जाते आणि घरभर धूर होतो. आमच्याकडे एकदा घाईत ओली चिंच चुलीत घातली, घरच्यांचे डोळे दोन दिवस लाल होते.

हातभर तुकडे करून मनगटाएवढे जाड चिरा. खाली विटा ठेवून आडवे-उभे रचा, म्हणजे वाळवी लागत नाही. वरून पत्रा टाका, बाजू उघड्या ठेवा. दोन तुकडे एकमेकांवर आपटून बघा. टणटण वाजले तर वाळले, बद्द वाजले तर अजून ओले.

तोडायच्या आधी

खाडीतलं तिवर हाताशी असतं, पण त्याला कोयता लावू नका. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ मध्ये कांदळवन तोडायला बंदी घातली, २०१८ च्या निकालानेही तेच बजावलं. भरतीच्या लाटांना तीच आपली आड आहे. पूर्वेला राष्ट्रीय उद्यानातून वाळकी काटकीही आणता येत नाही. अंगणातलं झाड तोडायलाही १९७५ च्या कायद्यानुसार पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते.

मग लाकूड आणायचं कुठून? पावसाळ्याआधी पालिका रस्त्याकडेच्या फांद्या छाटते. तिथल्या माणसांना विचारून घ्या. वाडीतल्या झावळ्या आणि पडलेल्या वाळक्या फांद्या आहेतच.