आंघोळ स्वतःची स्वतः करता का?

लंडनच्या पश्चिमेला आयलवर्थमध्ये वेस्ट मिडलसेक्स काउंटी हॉस्पिटल होतं आणि त्याच्या भिंतीला लागून वॉर्कवर्थ हाउस. वॉर्कवर्थ हाउस हे जुन्या ‘पुअर लॉ’च्या, म्हणजे गरिबांसाठीच्या कायद्याच्या, काळातलं निराधार-अपंगांचं रुग्णालय. १९३५ साली ते हॉस्पिटलच्या ताब्यात आलं, आणि त्यासोबत आतले ७१४ रुग्णही आले. त्यांची जबाबदारी मार्जरी वॉरन या चाळिशीच्या आतल्या डॉक्टरबाईंवर पडली.

म्हातारे, अर्धांगवायूचे, भ्रमिष्ट आणि ज्यांना घर नाही म्हणून इथे आणून टाकलेले, असे सगळे एकाच वॉर्डात शेजारी शेजारी पडून असत. अंथरुणाला खिळलेला म्हणजे कायमचा, असं धरून चाललेलं. अशा माणसाला जेवण, स्वच्छता आणि औषधाची एखादी बाटली मिळाली की संस्थेचं कर्तव्य संपत असे. तो अंथरुणाला का खिळला, हे विचारण्याची पद्धत नव्हती. वैद्यकशास्त्रालाही त्यांच्यात फारसा रस नव्हता. शिकवण्यासारखा आजार तरुण रुग्णाचा असतो, अशी त्या काळच्या मोठ्या रुग्णालयांची समजूत होती.

वॉरनबाई एकेका खाटेपाशी गेल्या आणि प्रत्येकाला नव्याने तपासलं. काही जण पूर्वीच्या आजाराने नव्हे, तर नुसतं पडून राहिल्याने उठेनासे झाले होते. महिनोन्‌महिने न हललेला गुडघा आखडतो, मांडीचे स्नायू झिजतात, पाठीला बेडसोअर होतात, लघवीवरचा ताबा सुटतो. मग हे सगळं ‘म्हातारपण’ या एका शब्दाखाली जमा होतं. बाईंनी रुग्णांचे गट पाडले. उठून हिंडू शकणारे वेगळे, अंथरुणाला खिळलेले पण लघवी-शौचावर ताबा असलेले वेगळे, ताबा गेलेले वेगळे. शांतपणे भ्रमिष्ट असलेले आणि ज्यांच्या आरडाओरड्याने दुसऱ्यांची झोप मोडते असे, यांनाही त्यांनी वेगवेगळं ठेवलं. गट पाडल्याबरोबर प्रत्येक गटाला काय हवं ते दिसू लागलं.

मग वॉर्डाचं रूप बदललं. उदास भिंतींना फिकट रंग दिला, उजेड वाढवला, खाटांवर लाल ब्लँकेटं आली. भिंतीला धरून चालता यावं म्हणून कठडे बसवले, खुर्च्या अशा निवडल्या की हात टेकून उठताना त्या सरकू नयेत. ही यादी मला बाईंच्या कुठल्याही सिद्धांतापेक्षा मोलाची वाटते. खुर्ची सरकते म्हणून उठायला घाबरणारा माणूस कागदावर ‘चालू न शकणारा’ ठरतो, आणि तो दोष त्याच्या पायांचा नसतो.

फिजिओथेरपिस्ट, नर्स, हाताला काम शिकवणाऱ्या ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि घरची परिस्थिती पाहणाऱ्या समाजसेविका अशा सगळ्यांना त्यांनी एकाच रुग्णाभोवती उभं केलं. घरी कोण आहे, जिने किती, संडास कुठे, सून नोकरी करते का, हे प्रश्न रक्तदाबाच्या पंक्तीत येऊन बसले. यथावकाश ७१४ खाटांची गरज २४० वर आली. मोकळ्या झालेल्या खाटा त्यांनी क्षयरोग्यांसाठी दिल्या. १९४३ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आणि १९४६ साली ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हा अनुभव लिहिला. अशा रुग्णांसाठी सर्वसाधारण रुग्णालयात स्वतंत्र विभाग हवा आणि डॉक्टरीच्या विद्यार्थ्यांना तिथे शिकवलं पाहिजे, ही त्यांची मागणी होती. १९६० साली जर्मनीत मोटार अपघातात त्या गेल्या.

आज जगभर वृद्धांच्या सर्वांगीण तपासणीची जी पद्धत वापरतात, तिची मुळं त्या वॉर्डात आहेत. शरीर, मन, रोजची कामं, घर आणि माणसं हे सगळं एकत्र पाहायचं, आणि पाहून झाल्यावर उपचाराचा बेत आखायचा.

दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ साली, ब्रिटनमध्ये सर्वांसाठी मोफत आरोग्यसेवा सुरू झाली आणि वॉरनबाईंच्या वाटेने बरेच जण निघाले. लायोनेल कोसिन यांनी ऑक्सफर्डला दिवसापुरतं येऊन घरी जायचं रुग्णालय काढलं. ग्लासगोत फर्ग्युसन अँडरसन यांनी १९५२ साली रदरग्लेन इथे वृद्धांसाठी सल्ला केंद्र सुरू केलं. १९६५ मध्ये ते वृद्धरोगशास्त्राचे जगातले पहिले प्राध्यापक झाले. पण या काळातली मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी घटना एडिंबरोतली आहे. १९६४ साली जेम्स विल्यमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घरी राहणाऱ्या वृद्धांची तपासणी केली आणि त्यांच्या फॅमिली डॉक्टरांना त्यातलं किती ठाऊक आहे ते पाहिलं. हृदय, फुप्फुसं, मज्जासंस्था यांचे आजार डॉक्टरांना बहुतेक माहीत होते. लघवीचे त्रास, पायांची दुखणी, नैराश्य, स्मृतिभ्रंश यांतलं बरंच काही मात्र त्यांच्या कानावर आलंच नव्हतं. वृद्ध सांगत नाहीत. वयाचं आहे, असं स्वतःच ठरवून टाकतात. म्हणजे तक्रार येईपर्यंत थांबणारं वैद्यकशास्त्र इथे तोकडं पडतं. आपण होऊन विचारावं लागतं, आणि नेमकं काय विचारायचं हे आधी ठरवून ठेवावं लागतं.

ते ठरवण्याचं काम अमेरिकेत झालं. क्लीव्हलँडच्या बेंजामिन रोज हॉस्पिटलमध्ये सिडनी कॅट्झ आणि त्यांचे सहकारी खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांकडे बारकाईने पाहत होते. हाड जुळलं की नाही हे एक्स-रे सांगतो, पण माणूस बरा झाला का, याला उत्तर नव्हतं. त्यांनी सहा कामं निवडली: आंघोळ, कपडे घालणं, संडासला जाणं, अंथरुणातून उठून खुर्चीवर बसणं, लघवी-शौचावरचा ताबा, आणि स्वतःच्या हाताने जेवणं. १९६३ साली हा निर्देशांक ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. त्यांच्या ध्यानात आलं की ही कामं ठरावीक क्रमाने सुटतात. आंघोळ आधी सुटते, जेवण सगळ्यांत शेवटी. बरं होतानाचा क्रम याच्या उलटा, आणि लहान मूल ज्या क्रमाने ही कामं शिकतं त्याच्याशी मिळताजुळता.

कॅट्झच्या नियमांत एक कडक अट आहे. माणूस काय करू शकेल ते मोजायचं नाही, प्रत्यक्षात काय करतो ते मोजायचं. करता येत असूनही करायला नकार दिला, तरी नोंद ‘करत नाही’ अशीच. आपल्याकडच्या घरात ही अट लावून पाहिली की अडचण कळते. सून पाणी काढून देते, मुलगा पाठ चोळतो, आई म्हणते, ‘मला येतं की, पण ही करू देत नाहीत.’ तिची कुवत आणि तिचं घर या दोन गोष्टी तिथे इतक्या मिसळून गेलेल्या असतात की एका रकान्यात मावत नाहीत. विचारणाऱ्याने दोन्ही लिहून घेतलं पाहिजे, नाहीतर नुसता आकडा फसवतो.

१९६५ साली मेरीलँडमध्ये फ्लॉरेन्स माहोनी या डॉक्टर आणि डोरोथिया बार्थेल या फिजिओथेरपिस्ट यांनी अशाच रोजच्या कामांचा शंभर गुणांचा तक्ता प्रसिद्ध केला. अर्धांगवायूच्या रुग्णांसाठी तो आजही रोज वापरला जातो. १९६९ साली फिलाडेल्फियात लॉटन आणि ब्रॉडी एक पायरी वर गेले. फोन लावणं, बाजारहाट, स्वयंपाक, घरकाम, धुणं, प्रवास, औषधं वेळेवर घेणं, पैशांचा हिशोब ठेवणं अशी आठ कामं त्यांनी घेतली. एकट्याने राहायचं तर हीच लागतात. पुरुषांना मात्र त्यांनी पाचच कामांवर गुण दिले. स्वयंपाक, घरकाम आणि धुणं वगळलं. घराची विभागणी जशी होती तशीच मोजपट्टीत उतरली, आणि पुढे कित्येक वर्षं ती मोजपट्टी शास्त्र म्हणून जगभर गेली. १९७५ साली फोलस्टीन दांपत्य आणि मॅकह्यू यांची स्मरणशक्तीची ३० गुणांची चाचणी आली. त्यात वाचून दाखवायची सूचना होती, लिहायचं एक वाक्य होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या आजीला त्यात गुण कसे मिळावेत? हरियाणातल्या बल्लभगडला मेरी गांगुली आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये निरक्षर वृद्धांसाठी तिचं हिंदी रूप घडवलं. त्यात लिहिण्या-वाचण्याची अट काढून तेच काम तोंडी आणि कृतीने करून घेतलं.

शरीराच्या मोजपट्ट्यांतही अशी उणीव राहून गेली आहे. बहुतेक तक्ते खुर्ची आणि कमोडच्या घरात तयार झालेले. आपल्याकडची कसोटी जमिनीवर आहे. मांडी घालून जेवायला बसणं, उकिडवं बसून संडासला जाणं, खाली अंथरलेल्या गादीवरून उठणं, चुलीपुढे वाकणं. गुडघे गेलेली बाई खुर्चीवरून सहज उठते आणि तक्त्यावर पूर्ण गुण मिळवते, पण देशी संडासात तिला भिंत धरावी लागते. तिथे तोल गेला की तिचाही खुबा मोडतो, आणि पुढचा प्रवास वॉर्कवर्थ हाउसकडे जाणारा असतो.

तक्ते वाढत गेले तशी एक जुनी गोष्ट मागे पडत चालली. वॉरनबाई मोजत होत्या, कारण मोजून झाल्यावर खाट हलवण्याचा, भिंत रंगवण्याचा, रुग्णाला चालवण्याचा अधिकार त्यांच्या हातात होता. १९८४ साली लॉस एंजेलिसजवळच्या सेपुल्वेडा इथल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयात लॉरेन्स रुबेनस्टीन यांनी १२३ वृद्धांवर केलेली चाचणी ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आली. काही जणांना वृद्धांच्या खास विभागात ठेवून तपासणी आणि उपचार दोन्ही दिले, बाकीच्यांना नेहमीची सेवा. वर्षभरात नेहमीच्या सेवेतले ४८.३ टक्के गेले, खास विभागातले २३.८ टक्के. या आकड्यांनी सगळ्यांनाच हलवलं. मग जिथे तिथे सल्लागार पथकं निघाली. पथक यायचं, रुग्णाला तपासायचं, शिफारशींचा कागद ठेवून जायचं. १९९३ साली स्टक आणि सहकाऱ्यांनी २८ चाचण्या एकत्र करून पाहिलं. आपल्या शिफारशी अमलात आणण्यावर ज्यांचा ताबा होता आणि जे रुग्णाच्या मागे दीर्घकाळ राहिले, त्यांचंच काम फळाला आलं होतं. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कोक्रेन संस्थेचा २०१७ चा आढावा १३,७६६ रुग्णांचा. रुग्णालयात अशी तपासणी झालेले वृद्ध पुढे जिवंत आणि स्वतःच्या घरी असण्याची शक्यता जास्त, हे त्यात पक्कं झालं. फरक अफाट नाही. पण ‘स्वतःच्या घरी’ हे मोजमापात आलं, याचं मला फार अप्रूप वाटतं.

आपल्याकडे मद्रासच्या सरकारी रुग्णालयात व्ही. एस. नटराजन यांनी १९७८ साली वृद्धांचा स्वतंत्र विभाग सुरू केला. पुणे जिल्ह्यातल्या वढूला केईएम हॉस्पिटलच्या संशोधकांनी पन्नाशीपुढच्या ग्रामस्थांच्या आरोग्याचा घरोघरी अभ्यास केला. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभरातल्या ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली, आणि तिच्या प्रश्नावलीत कॅट्झ व लॉटनची कामं जवळपास तशीच बसलेली आहेत.

याहून लांबचा प्रवास गावातल्या आशा स्वयंसेविकेच्या, म्हणजे आशाताईंच्या, फॉर्मपर्यंतचा आहे. घरोघरी भरायच्या तपासणी यादीत साठीपुढच्या माणसांसाठी चार प्रश्न आहेत. उभं राहताना किंवा चालताना तोल जातो का? हालचालीला अडचण येईल असं काही अपंगत्व आहे का? खाणं, कपडे, आंघोळ, चालणं, संडास यांसाठी दुसऱ्याची मदत लागते का? जवळच्यांची नावं किंवा घरचा पत्ता विसरता का? एकाचंही उत्तर ‘हो’ असेल तर डॉक्टर असलेल्या जवळच्या केंद्रात पाठवायचं, अशी खाली सूचना. दारात उभं राहून विचारलेले हे प्रश्न योग्य आहेत, आणि ते विचारायला गावातलीच बाई येते हे त्याहून योग्य. राष्ट्रीय वृद्धारोग्य कार्यक्रमाच्या कागदावर पुढची साखळीही आखलेली आहे. प्राथमिक केंद्रात आठवड्याचा वृद्ध-दवाखाना, ग्रामीण रुग्णालयात व्यायामोपचार, जिल्हा रुग्णालयात दहा खाटांचा वॉर्ड. आशाताईंनी पाठवलेली म्हातारी त्या केंद्रात पोचली, तर तिला उठवून चालवून पाहणारा माणूस तिथे नेमलेला हवा, त्याला पगार वेळेवर हवा, आणि तिच्या घरातल्या संडासात धरायला कठडा बसवायला सांगण्याचा आणि तो बसेपर्यंत पाठपुरावा करण्याचा अधिकार त्याच्याकडे हवा.