सूट कोणाला, वसुली कोणाकडून?

भाडे थकले की घरमालक एक वाक्य हमखास ऐकवतो : "मलाही बँकेचा हप्ता भरायचा असतो." हे वाक्य खोटे नाही. पण ते नवेही नाही. कोकणातल्या खोताचा युक्तिवाद हाच होता. हप्त्याच्या जागी सरकारी सारा होता, एवढाच फरक. म्हणून या प्रश्नाकडे मालकाच्या चांगुलपणाच्या अंगाने न पाहता इतिहासाच्या अंगाने पाहिले पाहिजे. मालकाला वरून सूट मिळते तेव्हा ती कुळापर्यंत पोचते काय?

इंग्रजी अमलाने १८८० च्या कायद्याने खोतीला कायदेशीर चौकट दिली. खोताने सरकारला रोकड सारा भरावा आणि कुळांकडून भात घ्यावे, कुठे पिकाचा अर्धा वाटा, तर कुठे ठरावीक खंड. त्यावर वेठबिगार वेगळीच. खोतांत ब्राह्मण होते, मराठे होते, मुसलमानही होते. कुळांत मात्र कुणबी, आगरी, महार होते. १९२९ नंतरच्या मंदीत शेतमालाचे भाव कोसळले. पीक तेवढेच, पैसा कमी, देणे मात्र तेच. अशा व्यवस्थेत तुटीचा बोजा वरून खाली सरकतो आणि ज्याच्या खाली कोणी नाही त्याच्या डोक्यावर जाऊन बसतो.

अलिबाग तालुक्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी हा बोजा नाकारला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली पंचवीस गावांनी खोतांची शेते कसायचे बंद केले. उपासमार सोसून हा संप १९३९ पर्यंत टिकला. याच काळात, १७ सप्टेंबर १९३७ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्यात खोताला वाजवी भरपाई देण्याचीही तरतूद होती, हे विसरता कामा नये. खोताची आर्थिक बाजू बाबासाहेबांनी हिशेबात घेतली होती. त्यांनी नाकारले ते एवढेच, की तिची किंमत कुळाने आपल्या श्रमातून चुकवावी. १० जानेवारी १९३८ रोजी हजारो शेतकरी मुंबईत कौन्सिल हॉलवर चालून गेले. तरीही विधेयक संमत झाले नाही. खोती गेली ती १९४९ च्या कायद्याने.

त्याच्या एक वर्ष आधीच्या, १९४८ च्या मुंबई कुळवहिवाट कायद्यातील तेरावे कलम आपल्या कार्यकर्त्यांनी मुद्दाम वाचावे. सरकारने जमिनीचा सारा तहकूब वा माफ केला, तर मालकाने कुळाचा खंडही तहकूब वा माफ केलाच पाहिजे, असे ते सांगते. सारा अंशतः सुटला तर खंडही त्या प्रमाणात सुटला पाहिजे. ही मालकाची मर्जी नव्हे, कायद्याची आज्ञा आहे.

अर्थात कलम लिहून काम भागत नाही. वि. म. दांडेकर आणि खुदानपूर यांनी १९५७ साली या कायद्याच्या अंमलबजावणीचा अभ्यास प्रसिद्ध केला. कुळांनी 'राजीखुशीने' जमिनी सोडल्याचे प्रकार मोठ्या प्रमाणावर घडले होते, हे त्यातून पुढे आले. ज्याचे नाव कागदावर नाही, त्याला कायद्याचे छत्र मिळत नाही.

आता २०२० कडे या. टाळेबंदी लागताच रिझर्व्ह बँकेने २७ मार्च रोजी कर्जाचे हप्ते तीन महिने पुढे ढकलण्याची मुभा दिली, आणि पुढे ती ३१ ऑगस्टपर्यंत वाढवली. व्याज चालूच राहिले, हे खरे. तरी मालकाला श्वास घ्यायला फुरसत मिळाली. भाडेकरूसाठी काय झाले? केंद्राने २९ मार्चच्या आदेशात मजुरांकडून एक महिना भाडे मागू नये असे सांगितले. महाराष्ट्राच्या गृहनिर्माण विभागाने १७ एप्रिलला किमान तीन महिने भाडेवसुली पुढे ढकलण्याची सूचना केली. पण हप्त्याची सवलत आणि भाड्याची सवलत यांना बांधणारी गाठ कोणी मारली नाही. ज्याने हप्ता थांबवला त्याने भाडेही थांबवावे, अशी अट कोठेच नव्हती. १९४८ साली शेतातल्या कुळासाठी जे सुचले, ते २०२० साली खोलीतल्या भाडेकरूसाठी सुचले नाही. करार तोंडी, पावती नाही, अशी हजारो माणसे खोल्या सोडून पायी गावाकडे निघाली.

हा प्रश्न आता फक्त 'त्यांचा' राहिलेला नाही. शिक्षणाने आपल्यातले काही जण नोकरीत आले, कर्ज काढून घरमालक झाले. माझेही एक घर कर्जाचे आहे आणि त्यात भाडेकरू आहे. तो गाडी चालवून पोट भरतो. टाळेबंदीत त्याची गाडी उभी राहिली. मी हप्ते थांबवले, तेवढे महिने त्याचे भाडेही थांबवले, आणि तसे कागदावर लिहून दिले. यात उपकार नाही; तेरावे कलम घरी लागू केले, इतकेच. पण एका मास्तराच्या विवेकावर कोट्यवधी भाडेकरूंचे छप्पर टांगून ठेवता येणार नाही.

म्हणून मागणी नेमकी असावी. कर्जदार मालकाला संकटात सवलत जरूर द्यावी. छोट्या मालकाला तिची गरज असते. पण तिच्यासोबत त्याच प्रमाणात भाड्याची सवलत कायद्याने बांधलेली असावी. आणि प्रत्येक भाडेकरूच्या हाती लेखी करार व पावती असावी. वस्तीत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी सुरुवात या पावतीपासूनच करावी.