नृसिंहाची नखं आणि उंबराची साल

नरसोबाच्या वाडीला गेलात की कृष्णा-पंचगंगेच्या संगमावर औदुंबराखालच्या पादुकांना तुम्ही हात जोडताच. नृसिंह सरस्वतींनी इथे 12 वर्षं वास केला अशी परंपरा आहे. पण हेच झाड का? गुरुचरित्राच्या 19व्या अध्यायात त्याची कथा आहे. हिरण्यकशिपूचं पोट फाडल्यावर नृसिंहाच्या नखांत विष भिनलं, भयंकर आग होऊ लागली. लक्ष्मीनं औदुंबराची फळं आणली, त्यांत नखं रोवली आणि दाह शमला.

गंमत म्हणजे गुरुचरित्राच्या कित्येक शतकं आधी सुश्रुतानं वड, पिंपळ, पायरी यांच्याबरोबर उंबर ‘न्यग्रोधादि’ गणात घातला होता, आणि तो व्रणावर, दाहावर सांगितला होता. म्हणजे कथेनं वैद्यांचं जुनंच ज्ञान घरोघरी पोहोचवलं असावं, असं मला वाटतं. साल चावून पाहा, जीभ आकसते. तो तुरटपणा टॅनिनचा. टॅनिन प्रथिनांना घट्ट करतं, त्यामुळे ओलसर जखमेचा स्राव कमी होतो. तोंड आल्यावर सालीच्या काढ्याच्या गुळण्या करतात त्या याचसाठी. मात्र भाजल्यावर साल किंवा चीक लावू नका. वाहत्या साध्या पाण्याखाली 20 मिनिटं धरा आणि डॉक्टरांना दाखवा.

खरी काळजी वेगळीच आहे. चरकानं लघवीचं प्रमाण आवरणाऱ्या दहा द्रव्यांत उंबर मोजला. लघवी कमी होणं आणि साखर कमी होणं यांत फरक आहे, पण तो कुणी लक्षात घेत नाही. सालीच्या अर्कानं उंदरांची साखर उतरल्याचे प्रयोग आहेत, तेवढ्यावर ‘उंबराचा काढा घ्या, गोळ्या सोडा’ हे मोबाइलवर फिरतं. तुम्ही उंदीर नाही! टाइप 1 च्या रुग्णानं इन्सुलिन थांबवलं, तर एक-दोन दिवसांतच रक्तात आम्लं साचून जिवावर बेतू शकतं. काढा घेत असाल तर डॉक्टरांना सांगा; गोळ्यांच्या जोडीनं साखर फार खालीही जाऊ शकते.

फळ मात्र खुशाल खा. उंबराचं फूल कुणाला दिसत नाही, कारण फुलं फळाच्या आतच असतात आणि चिलटाएवढ्या गांधीलमाश्या आत शिरून परागण करतात. पिकलेलं उंबर फोडल्यावर दिसणारे किडे बहुधा तेच. फोडा, झटका, धुवा, मग खा.