मिनीचे वडील

बंगालीतील ‘साधना’ मासिकाच्या १८९२ सालच्या मार्गशीर्षाच्या अंकात रवींद्रनाथ ठाकुरांची ‘काबुलीवाला’ ही कथा प्रसिद्ध झाली. त्या वेळी लेखकाचे वय एकतीस वर्षांचे होते आणि त्यांची थोरली मुलगी माधुरीलता, घरातली बेला, सहा वर्षांची होती. कथेतली मिनी आपण बेलेवरूनच घेतली, असे रवींद्रनाथांनी पुढे स्वतः सांगितले आहे. मराठी श्रोत्यांपैकी पुष्कळांना ही कथा १९६१ च्या हिंदी चित्रपटातील बलराज साहनींच्या मुद्रेमुळे ठाऊक असते, आणि म्हणून ती त्या पठाणाची कथा आहे असे वाटते. ती तशी आहेच. परंतु कथा सांगणारा पठाण नव्हे, मिनीचे वडील आहेत. आणि मुलगी हातची सुटते म्हणजे काय होते, हे शिकावे लागते ते त्यांनाच.

कथानक थोडक्यात आठवून पाहू. कलकत्त्याच्या एका कादंबरीकाराच्या पाच वर्षांच्या बडबड्या मुलीची आणि सुकामेवा विकणाऱ्या रहमतची गट्टी जमते. ‘सासरी कधी जाणार?’ हा त्यांचा ठरलेला विनोद. पोरीला सासर म्हणजे काय ते कळत नाही, आणि रहमतच्या जातीच्या लोकांत ‘सासर’ म्हणजे तुरुंग! उधारीच्या शालीवरून झालेल्या भांडणात रहमत एकाला सुरा मारतो आणि खरोखरीच त्या सासरी जातो. काही वर्षांनी सुटून येतो तो नेमका मिनीच्या लग्नाच्या दिवशी. पूर्वीचाच प्रश्न तो विचारतो. पण आता मिनीला त्याचा अर्थ कळतो, आणि ती लाजून तोंड फिरवते.

त्या क्षणापूर्वी रहमत आपल्या अंगरख्याच्या आतून एक मळका कागद काढून दाखवतो. त्यावर लहानशा हाताचा ठसा असतो. तसबीर नव्हे, चित्र नव्हे. पोरीच्या तळव्याला काजळी फासून उमटवलेला ठसा. ज्याचे अर्धे आयुष्य सरकारी कागदांत गेले आहे अशा माझ्यासारख्याला इथे एक जुनी हकीकत आठवल्याशिवाय राहत नाही. याच बंगालमध्ये, जंगीपूर येथे, १८५८ साली विल्यम हर्शेल नावाच्या गोऱ्या अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या करारावर त्याच्या पंजाचा ठसा घेतला. पुढे त्याने आपली सही नाकारू नये, एवढाच हेतू. त्यातूनच बोटांच्या ठशांचे शास्त्र वाढीस लागले, आणि १८९७ मध्ये कलकत्त्यात त्याची कचेरी निघाली. सरकारला हाताचा ठसा हवा होता तो माणसाला बांधून ठेवण्यासाठी. रहमतला तो कशासाठी हवा होता, हे निराळे सांगावयास नको. दरवर्षी तो कागद उराशी धरून तो कलकत्त्याच्या रस्त्यांवर मेवा विकीत हिंडे.

आता मिनीच्या वडिलांविषयी. रहमतला ते एक नोट देतात आणि आपल्या मुलीकडे परत जा म्हणतात. या दानापायी लग्नातली विजेची रोषणाई आणि बँड रद्द करावे लागतात, आणि घरातील स्त्रिया नाराज होतात. त्या काळी विजेचे दिवे ही केवढी मिजास होती, हे लक्षात घेतले पाहिजे. कलकत्त्यात कंपनीची वीज सुरू झाली ती १८९९ मध्ये. मुलगी देण्याच्या दिवशी हा बाप प्रतिष्ठेचा थाट सोडतो आणि दुसऱ्या एका बापाला त्याची मुलगी मिळावी अशी सोय करतो.

कथेतल्या बापाला हे साधले. कथा लिहिणाऱ्या बापाची हकीकत इतकी सरळ नाही. १८९१ साली, म्हणजे संमतिवयाचा कायदा झाला त्याच वर्षी, रवींद्रनाथांनी ‘देनापाओना’ ही हुंड्याची कथा लिहिली होती. तीत दहा हजारांच्या हुंड्यापायी एका बापाची फरफट होते आणि मुलगी मरते. त्यानंतर दहाच वर्षांनी, १९०१ मध्ये, बेलेचा विवाह झाला तेव्हा तिला पंधरावे वर्ष लागलेले होते, आणि त्या लग्नातही देण्याघेण्याची घासाघीस झाली. त्याच वर्षी धाकटी रेणुकाही उजवली. ती तर अवघी दहा वर्षांची होती. १९०३ मध्ये ती वारली. चरित्रकार या ठिकाणी अडखळतात. कोणी वृद्ध देवेंद्रनाथांकडे बोट दाखवतात, कोणी काळाकडे. मला यांपैकी कोणतीच सबब पुरेशी वाटत नाही. काळ कसा आहे हे त्यांनीच तर लिहून ठेवले होते.

आणि त्यांच्या स्वतःच्या वडिलांनी मूल मोकळे सोडणे म्हणजे काय, हे त्यांना लहानपणीच दाखवले होते. १८७३ मध्ये अकरा वर्षांच्या रवीला घेऊन देवेंद्रनाथ डलहौसीला गेले, आणि तिथे हातात लोखंडी टोकाची काठी देऊन त्यांनी त्याला डोंगरातून एकटे भटकू दिले. वाटेत स्वतःचे महागडे सोन्याचे घड्याळ किल्ली देण्यासाठी त्याच्या स्वाधीन केले. मुलाने इतक्या उत्साहाने किल्ली दिली की ते दुरुस्तीसाठी कलकत्त्याला धाडावे लागले. मुलगे असे सुटतात. मुलींच्या हाती कोणी काठी देत नाही.

बेलेला मुजफ्फरपूरला सासरी पोहोचवून आल्यावर रवींद्रनाथांनी पत्नीला पत्र लिहिले. तिला स्वतःच्या हाताने न्हाऊ घातल्याच्या, रात्री उठून दूध गरम करून पाजल्याच्या आठवणी त्यात आहेत. हे पत्र वाचताना वारंवार मिनीचे वडील समोर उभे राहतात. नऊ वर्षांपूर्वी कथेत लिहिलेले दुःख आता दारात आले होते.

पुढे बेलेला क्षय झाला. जावयाशी संबंध बिघडलेले होते. तरी रवींद्रनाथ रोज दुपारी तिच्याकडे जात, बिछान्याशी बसत, आणि लहानपणीसारख्या गोष्टी सांगत. १६ मे १९१८ रोजी ते नेहमीप्रमाणे निघाले. दाराशी पोहोचताच ती गेल्याचे कळले. ते वर गेले नाहीत, तिथूनच परतले.

रहमत काबूलला पोहोचला की नाही, त्याच्या मुलीने त्याला ओळखले की नाही, हे रवींद्रनाथांनी सांगितलेले नाही. तिच्या तळव्याचा ठसा आता तिच्या हाताला लहान पडला असेल, एवढे मात्र त्याला मिनीला वधूवेशात पाहिल्यावर कळून चुकले होते.